सुईपाशी थांबलेला यंत्रमानव

‘रोबो’ हा शब्द कारखान्यात जन्मलेला नाही. तो रंगभूमीवरून आला. कारेल चापेक या चेक नाटककाराने १९२० साली लिहिलेल्या ‘आर. यू. आर.’ या नाटकात तो प्रथम अवतरला. त्याचे मूळ ‘रोबोटा’ या चेक शब्दात आहे आणि त्या शब्दाचा अर्थ वेठ किंवा सक्तीची मजुरी असा होतो. माणसाच्या वाट्याची वेठ यंत्राने वाहावी, ही त्यामागची कल्पना. पुढे चाळीस वर्षांनी, १९६१ मध्ये, अमेरिकेतील जनरल मोटर्सच्या न्यू जर्सी येथील कारखान्यात ‘युनिमेट’ हा पहिला औद्योगिक यंत्रमानव कामावर रुजू झाला. तेव्हापासून मोटारींच्या कारखान्यांत यंत्रमानवाने चांगलेच बस्तान बसविले. भारतातही २०२३ या एका वर्षात ८,५१० औद्योगिक यंत्रमानव बसविले गेले आणि त्यांत सर्वांत मोठा वाटा वाहन उद्योगाचा होता.

किरकोळ विक्री आणि तयार कपड्यांचा उद्योग या दोन क्षेत्रांत मात्र यंत्रमानवाचा प्रवेश उशिरा झाला, आणि तोही अत्यंत विषम रीतीने. कपडे साठविण्याच्या व पाठविण्याच्या गोदामांत तो आज वाऱ्यासारखा धावतो. ते कपडे जेथे शिवले जातात, तेथे तो सुईपाशी येऊन अडखळतो. भारताने हा विषमपणा नीट समजून घेणे अगत्याचे आहे. शेतीखालोखाल सर्वाधिक रोजगार देणारा उद्योग म्हणजे वस्त्रोद्योग होय आणि साडेचार कोटींहून अधिक लोक त्यावर प्रत्यक्ष उपजीविका करतात. यंत्रमानव सुईपाशी थांबला आहे, ही या लोकांना मिळालेली सवड आहे. ती किती काळ टिकेल, यापेक्षा तिचा उपयोग कसा होईल, हा अधिक महत्त्वाचा प्रश्न आहे.

दुकानात पाहुणा, गोदामात गडी

दुकानात ग्राहकाचे स्वागत करणारा, वस्तू काढून देणारा, हिशेब करणारा यंत्रमानव हे अनेक वर्षे रंगविले गेलेले चित्र. प्रत्यक्षात दुकानाच्या दर्शनी भागात त्याची कारकीर्द फारशी यशस्वी झाली नाही. जपानच्या सॉफ्टबँक कंपनीने २०१४ मध्ये मोठ्या समारंभाने सादर केलेल्या ‘पेपर’ या बोलक्या यंत्रमानवाचे उत्पादन २०२० मध्ये थांबविण्यात आले. वॉलमार्टने फळ्यांवरील माल तपासत फिरणाऱ्या यंत्रांचा करार त्याच वर्षी संपुष्टात आणला. ॲमेझॉनने २०१८ मध्ये सिएटल शहरात रोखपालाविना चालणारे दुकान उघडले. परंतु आपल्या मोठ्या किराणा दुकानांतून ती पद्धत काढून घेण्याचा निर्णय कंपनीने २०२४ मध्ये जाहीर केला. खरेदी हा केवळ देवघेवीचा व्यवहार नसतो. कापडाचा पोत बोटांनी चाचपून पाहणाऱ्या, ‘यात दुसरा रंग आहे का?’ असे विचारणाऱ्या, घासाघीस करणाऱ्या माणसापुढे यंत्र गोंधळते.

मागच्या गोदामात मात्र परिस्थिती अगदी वेगळी आहे. तेथे जमीन सपाट असते, वाटा आखलेल्या असतात, प्रत्येक खोक्यावर सांकेतिक पट्टी असते आणि प्रश्न विचारणारे गिऱ्हाईक नसते. पूर्वी अशा गोदामात कामगार दिवसभरात कित्येक किलोमीटर चालून माल गोळा करीत असे. आता बुटके, चपटे यंत्रमानव संपूर्ण रॅकच उचलतात आणि कामगार उभा असेल तेथे आणून ठेवतात. ही पद्धत विकसित करणारी ‘किवा सिस्टिम्स’ ही कंपनी ॲमेझॉनने २०१२ मध्ये ७७ कोटी ५० लाख डॉलरना विकत घेतली. २०२५ मध्ये आपल्या यंत्रमानवांची संख्या दहा लाखांवर पोहोचल्याचे तिने जाहीर केले. तयार कपड्यांच्या क्षेत्रातील ‘युनिक्लो’ या जपानी नाममुद्रेने २०१८ मध्ये टोकियोतील आरिआके येथील गोदाम स्वयंचलित केले. त्यामुळे तेथील मनुष्यबळाची गरज सुमारे ९० टक्क्यांनी घटल्याचे त्या वेळी सांगण्यात आले.

या बाबतीत भारत केवळ गिऱ्हाईक राहिलेला नाही. ‘ग्रेऑरेंज’ ही २०११ मध्ये स्थापन झालेली आणि ‘ॲडव्हर्ब’ ही २०१६ मध्ये स्थापन झालेली, अशा दोन्ही कंपन्या भारतीय तरुण अभियंत्यांनी उभ्या केल्या. ॲडव्हर्बमधील सुमारे ५४ टक्के हिस्सा रिलायन्स रिटेलने जानेवारी २०२२ मध्ये १३ कोटी २० लाख डॉलरना घेतला. फ्लिपकार्टने बंगळूरु येथील केंद्रात पार्सलांची विभागणी करण्यासाठी २०१९ मध्येच यंत्रमानव आणले. घरबसल्या मागविलेला सदरा दुसऱ्या दिवशी दारात येतो, त्यामागे या यंत्रांचा मोठा वाटा आहे.

तथापि, जेथे यंत्र माणसाची पायपीट वाचविते, तेथेच ते त्याच्या कामाची गतीही ठरविते. यंत्रमानव न दमता रॅकमागून रॅक आणत राहतो. समोर उभ्या असलेल्या माणसाला तेच वाकणे, तेच उचलणे, तीच वळणे अधिक वेळा करावी लागतात. ॲमेझॉनच्या यंत्रमानवयुक्त गोदामांत गंभीर इजांचे प्रमाण इतर गोदामांपेक्षा अधिक असल्याचे अमेरिकेत २०२० मध्ये एका शोधपत्रकारितेतून मांडले गेले. कंपनीने ते निष्कर्ष अमान्य केले. वाद कोणत्याही बाजूने सुटो. कष्ट वाचविण्यासाठी आणलेल्या यंत्राची चाल माणसाला पेलवते किंवा नाही, हे मोजण्याची व्यवस्था प्रत्येक गोदामात असावयास हवी, एवढे त्यातून निश्चित होते.

कापडाचा मऊपणा

गोदामात इतका निष्णात असलेला यंत्रमानव शिलाईत मागे का पडावा? याचे उत्तर कापडाच्या स्वभावात आहे. मोटारीचा पत्रा जेथे ठेवावा तेथे राहतो. त्याची कडा उद्याही तेथेच सापडते. कापड मात्र उचलले की लोंबते, ठेवले की सुरकुतते, ओढले की ताणते, आणि एकाच ताग्यातील दोन तुकडे नेमके सारखे वागत नाहीत. शिलाईच्या यंत्रावर बसलेली कारागीर स्त्री कापडाचे दोन पदर जुळविते, बाहीची वळणदार कड मुंढ्याच्या कडेशी मिळविते, जास्तीचे कापड बोटांच्या टोकांनी मुरविते आणि हे सर्व सुई चालू असतानाच करते. तिचे डोळे, बोटे आणि पायाखालचा दाब यांचा मेळ क्षणोक्षणी बदलत असतो. या कामाला वेतनपत्रकात ‘अर्धकुशल’ म्हटले जाते. यंत्रमानवाच्या दृष्टीने ते जगातील अवघड कामांपैकी एक आहे.

शिवणयंत्राचा इतिहासही हेच सांगतो. फ्रान्समधील बार्तेलेमी तिमोनिए या शिंप्याने १८३० मध्ये शिवणयंत्राचे एकस्व मिळविले आणि सैन्याचे गणवेश शिवण्यासाठी सुमारे ८० यंत्रांची कर्मशाळा पॅरिसमध्ये उभी केली. आपला धंदा बुडेल या धास्तीने तेथील शिंप्यांनी १८३१ मध्ये ती यंत्रे मोडून टाकली. अमेरिकेत एलियस हौ यांनी १८४६ मध्ये दुहेरी धाग्याच्या टाक्याचे एकस्व घेतले आणि त्यानंतर शिवणयंत्राने जग जिंकले. सुई वेगवान झाली, विजेवर चालू लागली, संगणकाशी जोडली गेली. तिच्यापुढे कापड सरकविणारा हात मात्र माणसाचाच राहिला.

हा हात दूर करण्याचे प्रयत्न थोडेथोडके झाले नाहीत. जपानच्या आंतरराष्ट्रीय व्यापार व उद्योग मंत्रालयाने १९८२ ते १९९० या काळात स्वयंचलित शिलाईचा एक महत्त्वाकांक्षी प्रकल्प राबविला. त्यातून ज्ञान पुष्कळ मिळाले, परंतु माणसावाचून चालणारा शिलाईचा कारखाना उभा राहिला नाही. ‘सेवबो’ या अमेरिकी उपक्रमाने २०१६ मध्ये वेगळीच युक्ती दाखविली. पाण्यात विरघळणाऱ्या बहुवारिकाची खळ देऊन कापड पुठ्ठ्यासारखे ताठ करावयाचे, यंत्रमानवाकडून ते शिवून घ्यावयाचे आणि शेवटी धुऊन पुन्हा मऊ करावयाचे! अटलांटा येथील ‘सॉफ्टवेअर ऑटोमेशन’ ही कंपनी कॅमेऱ्याच्या साहाय्याने कापडाच्या हालचालीचा माग काढून शिलाई करणारी यंत्रे विकसित करीत आली आहे. तिची यंत्रे वापरून अमेरिकेतील आर्कान्सा राज्यात टी-शर्ट शिवण्याची योजना एका चिनी कंपनीने २०१७ मध्ये मोठा गाजावाजा करून जाहीर केली होती. परंतु टी-शर्ट हा सर्वांत साधा कपडा. कॉलर, कफ, खिसे, पट्टी, काज-बटणे असलेल्या सदऱ्याची वाट त्याहून पुष्कळ बिकट आहे.

भाकिते आणि वस्तुस्थिती

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१६ मध्ये आग्नेय आशियाविषयी एक अहवाल प्रसिद्ध केला. वस्त्र, तयार कपडे आणि पादत्राणे या उद्योगांतील वेतनी कामगारांपैकी इंडोनेशियात ६४ टक्के, व्हिएतनाममध्ये ८६ टक्के आणि कंबोडियात ८८ टक्के कामगारांच्या नोकऱ्यांना स्वयंचलनाचा मोठा धोका असल्याचे त्यात म्हटले होते. त्याच सुमारास आदिदास कंपनीने जर्मनीतील आन्सबाख येथे आणि नंतर अटलांटा येथे यंत्रमानवांच्या बळावर बूट बनविणारे ‘स्पीडफॅक्टरी’ नावाचे कारखाने काढले. आशियात गेलेले काम पाश्चात्त्य देशांत परतणार, अशी चर्चा जगभर झाली. प्रत्यक्षात हे दोन्ही कारखाने बंद करण्याचे आदिदासने नोव्हेंबर २०१९ मध्ये जाहीर केले आणि तेथील तंत्र आशियातील पुरवठादारांकडे नेण्याचे ठरविले. आजही व्हिएतनाम, कंबोडिया, बांगलादेश आणि भारत येथील शिलाईच्या दालनांत माणसेच ओळीने बसलेली दिसतात.

म्हणून ही भीती खोटी ठरली, असा निष्कर्ष काढणे उतावीळपणाचे होईल. आदिदासच्या निर्णयात एक सूचक गोष्ट दडलेली आहे. यंत्र पश्चिमेत राहिले नाही. जेथे कापड, कच्चा माल, पुरवठादार आणि अनुभवी कारागीर एकत्र आहेत, तेथे ते आले. याचा अर्थ स्वयंचलनाचे वारे तिरुपूर, बंगळूरु, लुधियाना आणि नोएडा येथे वाहतील, ते दूर देशी नव्हे. आणि ते एकदम वादळासारखे न येता, एकेका क्रियेपुरते, झुळकीझुळकीने येईल. बहुधा म्हणूनच त्याची चाहूल उशिरा लागेल.

तयार कपड्यांच्या कारखान्यातील कामाची साखळी पाहिली की हे स्पष्ट होते. कापडाचे थर अंथरणे व संगणकाच्या आज्ञेने कापणे ही कामे यंत्राने केव्हाच आपल्याकडे घेतली. अमेरिकेतील गर्बर कंपनीचे संगणकनियंत्रित कापणीयंत्र १९६९ मध्ये आले. खिसा बसविणे, काज करणे, बटण लावणे यांसाठी स्वयंचलित यंत्रे आली. शिलाई संपताच धागा आपोआप कापणारी यंत्रे आल्यावर, कात्री घेऊन धागे कापणाऱ्या मदतनिसांची गरज घटली. विणलेल्या स्वेटरांच्या बाबतीत तर शिलाईलाच वळसा घातला गेला. जपानच्या शिमा सेइकी कंपनीने १९९५ मध्ये, संपूर्ण कपडा एकाही शिवणीवाचून अखंड विणणारे यंत्र दाखविले. बांगलादेशातील स्वेटर कारखान्यांत हाताने चालविण्याच्या विणयंत्रांची जागा संगणकनियंत्रित यंत्रांनी घेतली, आणि जेथे एकेका यंत्रामागे एकेक कामगार उभा असे, तेथे एकच कामगार अनेक यंत्रांवर देखरेख करू लागला.

या झिजेचा पहिला फटका कोणाला बसतो, हेही पाहिले पाहिजे. मदतनीस, धागे कापणाऱ्या, घड्या घालणाऱ्या, पुडे बांधणाऱ्या आणि गोदामात माल वेचणाऱ्या व्यक्ती या साखळीच्या तळाशी असतात. बंगळूरु व तिरुपूर येथील शिलाईच्या कारखान्यांत बहुसंख्येने स्त्रिया काम करतात आणि त्यांतील अनेकजणी बिहार, झारखंड, ओडिशा यांसारख्या दूरच्या राज्यांतून आलेल्या असतात. कित्येक कुटुंबांत नियमित वेतन घरी आणणारी ती पहिली स्त्री असते. तिच्या नावाचे बचत खाते, त्यातून गावी जाणारे पैसे, धाकट्या भावंडाचे शिक्षण, हे सारे त्या एका कामाच्या धाग्यावर टांगलेले असते.

दोन जुने धडे

यंत्र आले की माणसाचे काय होते, याविषयी भारतापाशी दोन बोलके अनुभव आहेत आणि ते परस्परविरुद्ध आहेत.

पहिला अनुभव बँकांचा. डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समित्यांनी १९८४ आणि १९८९ मध्ये बँकांच्या यांत्रिकीकरणाचा व संगणकीकरणाचा आराखडा मांडला. कर्मचारी संघटनांचा विरोध तीव्र होता. तरीही १९८३ व १९९३ मध्ये बँकांचे व्यवस्थापन आणि संघटना यांच्यात वाटाघाटी होऊन करार झाले. कोणते यंत्र कोठे येईल, किती येईल, याची चर्चा ते येण्यापूर्वी झाली. खातेवह्यांत आयुष्य घालविलेल्या असंख्य लिपिकांनी वयाच्या चाळिशी-पन्नाशीत संगणकाची कळफलक-विद्या आत्मसात केली. पुढे २०००-०१ मध्ये राबविलेल्या स्वेच्छानिवृत्ती योजनेतून सरकारी बँकांतील सुमारे एक लाख कर्मचारी बाहेर पडले. त्या वेळी सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षासाठी ६० दिवसांचे वेतन अथवा उर्वरित सेवाकाळाचे वेतन, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती सानुग्रह म्हणून देण्यात आली. हे स्थित्यंतर सर्वांनाच सुखाचे झाले असे नाही. पण ते बोलून, शिकवून आणि मोबदला देऊन झाले.

दुसरा अनुभव कापड गिरण्यांचा. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार सहभागी होते. त्या संपाच्या यशापयशाची कारणे अनेक आहेत आणि त्यांविषयी मतभेदही आहेत. परंतु दीर्घकाळ आधुनिकीकरण न झालेल्या गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या, तेव्हा कामगारांना दुसऱ्या कामासाठी तयार करण्याची व्यवस्था अस्तित्वात नव्हती, याविषयी दुमत होऊ नये. केंद्र शासनाने १९८६ मध्ये वस्त्रोद्योग कामगार पुनर्वसन निधी योजना सुरू केली. गिरणी कायमची बंद झाल्यास पात्र कामगारास पहिल्या वर्षी वेतनाच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५० टक्के आणि तिसऱ्या वर्षी २५ टक्के साहाय्य, असे तिचे स्वरूप होते. हेतू स्तुत्य होता. पण ती मदत गिरणीचा भोंगा थांबल्यानंतरची होती. यंत्र मागण्यासाठी उद्योगाने जेवढा आग्रह धरला, तेवढा माणसे घडविण्यासाठी धरला गेला नाही.

दोन्ही अनुभवांचे सार एका वाक्यात सांगता येते. शिक्षण यंत्राच्या आधी आले, तर कामगार यंत्राचा धनी होतो. नंतर आले, तर ते केवळ सांत्वन ठरते.

यंत्रास अनुदान, हातास काय?

वस्त्रोद्योगाने नवी यंत्रे घ्यावीत, म्हणून शासनाने आणि बँकांनी आजवर मोठे साहाय्य केले आहे. १ एप्रिल १९९९ रोजी सुरू झालेल्या तंत्रज्ञान उन्नयन निधी योजनेत यंत्रखरेदीच्या कर्जावरील व्याजात पाच टक्क्यांची सवलत मिळत असे. २०१६ ते मार्च २०२२ या काळातील सुधारित योजनेत तयार कपड्यांच्या कारखान्याला यंत्रांच्या किमतीच्या १५ टक्के, कमाल ३० कोटी रुपयांपर्यंत भांडवली अनुदान मिळू शकत होते. कौशल्यासाठीही योजना आहे. ‘समर्थ’ ही वस्त्रोद्योगातील प्रशिक्षणाची योजना २०२४-२५ व २०२५-२६ या दोन वर्षांसाठी वाढविताना तिच्यासाठी ४९५ कोटी रुपये ठेवण्यात आले आणि ३ लाख व्यक्तींना प्रशिक्षण देण्याचे उद्दिष्ट ठरले. साधा भागाकार केला, तर माणशी सरासरी १६,५०० रुपये होतात. एकाच कारखान्याला यंत्रांसाठी मिळू शकणाऱ्या कमाल अनुदानाच्या रकमेत, या दराने, १८ हजारांहून अधिक माणसे शिकली असती. यंत्रांचे अनुदान चुकीचे होते असे यावरून सुचवावयाचे नाही. दोन खात्यांतील अंतर तेवढे लक्षात घ्यावयाचे आहे.

कायद्याची स्थितीही पाहण्याजोगी आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेनुसार, ज्या यंत्रसुधारणेमुळे कामगारकपात होण्याची शक्यता आहे, तिची २१ दिवसांची पूर्वसूचना देणे बंधनकारक आहे. कपात झालेल्या कामगारासाठी पुनर्कौशल्य निधीची तरतूद या संहितेत प्रथमच करण्यात आली. त्यानुसार मालकाने अखेरच्या वेतनाच्या हिशेबाने १५ दिवसांची रक्कम निधीत भरावयाची आणि ती कपातीनंतर ४५ दिवसांच्या आत कामगाराच्या खात्यात जमा व्हावयाची. सेवेच्या प्रत्येक वर्षासाठी १५ दिवसांच्या वेतनाइतकी नुकसानभरपाई त्याहून वेगळी. पुनर्कौशल्य हे तत्त्व कायद्याने मान्य केले, ही स्वागतार्ह गोष्ट होय. पण २१ दिवसांच्या सूचनेत आणि १५ दिवसांच्या वेतनात नवा हुन्नर कोण शिकू शकेल? शिवाय मुदतीचा करार संपला आणि त्याचे नूतनीकरण झाले नाही, तर ती कायद्याच्या भाषेत कपातच ठरत नाही. गोदामांत आणि कारखान्यांत कंत्राटावर राबणारे पुष्कळ लोक त्यामुळे या छत्राबाहेरच राहतात.

कर्जाच्या प्रस्तावात एक ओळ

यावर एक व्यवहार्य उपाय संभवतो, आणि तो बँकेच्या मेजावरच सुचतो. कोणताही उद्योजक स्वयंचलित यंत्रांसाठी कर्ज मागताना प्रकल्प अहवाल सादर करतो. त्यात यंत्राची किंमत, वाहतूक, उभारणी, वीजजोडणी, विमा यांचा खर्च असतो. त्याच यादीत आणखी एक ओळ असावी: या यंत्रामुळे ज्यांचे काम बदलेल, त्यांच्या प्रशिक्षणाचा खर्च. हा खर्च प्रकल्पाच्या भांडवली खर्चाचा भाग मानून त्यासाठी त्याच अटींवर, त्याच व्याजदराने कर्ज मिळावे. कंत्राटी कामगारांचाही त्यात समावेश असावा, आणि यंत्र उभे राहण्यापूर्वी प्रशिक्षणाचा पहिला टप्पा पुरा व्हावा.

यामुळे कर्जाचा बोजा वाढेल, असा आक्षेप घेतला जाईल. तो तपासून पाहावा. समजा, एका कारखान्याने दोन कोटी रुपयांचे कर्ज पाच वर्षांसाठी दहा टक्के व्याजाने घेतले, तर मासिक हप्ता सुमारे ४ लाख २५ हजार रुपये होईल. शंभर कामगारांच्या प्रशिक्षणासाठी वर काढलेल्या सरासरीने १६ लाख ५० हजार रुपये लागतील. ती रक्कम कर्जात मिळविली, तर हप्ता सुमारे ३५ हजार रुपयांनी वाढेल. प्रशिक्षित हातांअभावी यंत्र थोडे दिवस जरी पडून राहिले, तरी होणारे नुकसान याहून कमी असेल असे नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. व्हिएतनाम व बांगलादेश यांच्याशी स्पर्धा करताना भारतीय कारखानदाराने ही जबाबदारी का पत्करावी? याचे उत्तर आदिदासच्या उदाहरणात आहे. यंत्र विकत घेता येते, आणि प्रतिस्पर्ध्यालाही ते तितक्याच किमतीत घेता येते. यंत्र बिघडले असता ते कोठे बिघडले हे ओळखणारी, कापडाचा स्वभाव जाणणारी, एका नमुन्यावरून दुसऱ्या नमुन्यावर चटकन वळणारी माणसे मात्र बाजारात तयार मिळत नाहीत. अमरावती, विरुधुनगर, वारंगळ, नवसारी, कलबुर्गी, धार आणि लखनौ येथे पंतप्रधान मित्र योजनेखाली सात विशाल वस्त्रोद्याने आकार घेत आहेत. या नव्या उद्यानांची आखणी होत असतानाच प्रत्येक ठिकाणी यंत्रचालन, देखभाल आणि दुरुस्ती शिकविणारे सामाईक केंद्र उभारले, तर स्वतःचे प्रशिक्षण केंद्र न परवडणाऱ्या लहान कारखानदारालाही त्याचा लाभ होईल. तेथे मिळालेले प्रमाणपत्र सर्व कारखान्यांनी मान्य केले, तर नोकरी बदलली तरी कारागिराचे कौशल्य त्याच्या सोबत राहील. बचत खाते सोबत राहते तसे.

तिसरे म्हणणे असे की, बाजार आपोआप नवे रोजगार निर्माण करतो. शिवणयंत्र आले तेव्हाही शिंपी संपले नाहीत. हे खरे आहे. पण तिमोनिएची यंत्रे मोडणाऱ्या शिंप्यांना पुढच्या शतकातील रोजगारवाढीचा दिलासा पुरेसा नव्हता. एखाद्या उद्योगाला वीस वर्षांनी सुगीचे दिवस येतील, म्हणून आज पस्तिशीतील स्त्रीने वीस वर्षे थांबावे, असे म्हणता येत नाही. समाजाचा ताळेबंद दीर्घकाळात जुळत असेलही. घराचा ताळेबंद दर महिन्याला जुळवावा लागतो.

यंत्रमानव रोखून धरणे कोणाच्या हाती नाही, आणि ते इष्टही नाही. पाठ मोडणारे ओझे उचलणे, इस्त्रीच्या वाफेत दिवसभर उभे राहणे, एकच हालचाल हजारदा करणे ही माणसाची वेठ यंत्राने घ्यावी, यातच त्या चेक शब्दाचे सार्थक आहे. प्रश्न वेठ यंत्राकडे देताना वेतनही त्याच्याबरोबर जाणार काय, हा आहे. कापडाच्या मऊपणाने भारताला काही वर्षांची मुदत मिळवून दिली आहे. मुदतीची ठेव परिपक्व होते, ती पैसे आधीच गुंतविलेले असतात म्हणून. या मुदतीतही जे शिलाईच्या हातांत गुंतविले जाईल, तेच पुढे परत मिळेल.